इटालियन पोवळं

आईच्या उजव्या हाताच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी आहे. मंगळ माझ्या पत्रिकेत, अंगठी तिच्या बोटात. मी घालायला तयार नव्हते म्हणून तिनं स्वतःच घातली. गुरुजी म्हणाले, असं चालत नाही. ती म्हणाली, "न चालायला काय झालं, आई आहे मी तिची." माझं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, अंगठी अजून निघालेली नाही. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफानं ती हातात देताना सांगितलं होतं, "वहिनी, इटालियन पोवळं आहे. साधं नव्हे." आणि त्या एका शब्दाचे वेगळे पैसे लावले होते. इटालियन म्हणजे नक्की कुठलं, हे आम्ही विचारलं नाही. फरशी इटालियन असते, तसं पोवळंही असेल.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघी नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभ्या होतो. वार मंगळवार. मंगळवारी हे संग्रहालय बंद असतं, आणि तसं त्यांनी ठिकठिकाणी लिहूनही ठेवलंय, म्हणजे गाढवपणा सर्वस्वी माझा. भाऊ म्युनिकला असतो. त्याला रजा मिळेना म्हणून रोम आणि नेपल्स आम्ही दोघीच करणार होतो आणि सगळी आखणी माझ्याकडे होती. आईनं पाटीकडे पाहिलं, मग अंगठीकडे. "मंगळच आडवा आला."

मी तिला सांगितलं की इटालियन भाषेत मंगळवारला 'मार्तेदी' म्हणतात, म्हणजे मार्सचा, अर्थात मंगळाचाच वार. ग्रहांच्या नावाचे वार आपल्याकडे ग्रीक-रोमन ज्योतिषातूनच आले, आणि गुरुजी ज्याला होरा म्हणतात तो शब्दसुद्धा ग्रीक. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. "मग बरोबर," ती म्हणाली, "त्यांना माहीतच आहे. म्हणून तर बंद ठेवतात."

बुधवारी सकाळी नऊलाच गेलो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा अंगावर येतात ते फार्नेझे घराण्याच्या संग्रहातले संगमरवरी पुतळे. रोममध्ये काराकालाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सोळाव्या शतकात सापडलेला हर्क्युलीस तीन मीटरहून उंच आहे. बारा पराक्रम उरकून गदेवर रेललाय आणि उजवा हात पाठीमागे नेलाय. फिरून मागे जावं तेव्हा कळतं की त्या मुठीत सोन्याची सफरचंदं आहेत. माणसं समोरून फोटो काढून निघून जातात. आईनं पुतळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली, देवळात घालतात तशी, म्हणून तिला सफरचंदं दिसली. "दमलाय बिचारा," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसली. पुतळ्यांच्या दालनांत त्यानंतर तिचा जीव रमला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. एकामागून एक सम्राटांची डोकी बघताना मला सरकारी कचेरीतल्या माजी अधिकाऱ्यांच्या तसबिरी आठवायला लागतात. ज्याच्यासाठी मी आले होते ते अलेक्झांडरचं प्रचंड मोझेइक दुरुस्तीला काढलेलं.

पण पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या घरांतून आणलेल्या वस्तूंपाशी आई जागी झाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि ही गावं राखेखाली आणि दगडांखाली गेली. गाव गाडलं गेलं तेव्हा त्यातली स्वयंपाकघरंही गाडली गेली. काशाच्या पळ्या, कढया, लांब दांड्याची पातेली. एक गाळणं असं की त्याची भोकं म्हणजे नुसती भोकं नाहीत, ओळीनं पाडलेली नक्षी आहे. आई त्या गाळण्यापुढे कितीतरी वेळ उभी होती. "पाणी गाळायलासुद्धा रांगोळी," म्हणाली. एक तराजू होता. दांडीवर खाचा, एका टोकाला आकडा, आणि दांडीवरून पुढे-मागे सरकवायचं वजन म्हणजे माणसाचं अख्खं डोकं, नाक-डोळ्यांसकट. आईला संशय आला की यात मापात मारायची सोय चांगली असणार. पन्नास वर्षं मंडईत भाजी घेतलेल्या बाईचं मत आहे, मी खोडून काढलं नाही.

आणि पाव. कोळसा झालेला गोल पाव, वरून आठ भाग पाडलेले, ओढला की एकेक तुकडा सुटा व्हावा असे. भट्टीत घातला तेव्हा गाव होतं, काढायला कुणी उरलं नाही. पाँपेईच्या एका बेकरीत असे एक्क्याऐंशी पाव भट्टीतच सापडले. हर्क्युलेनियमच्या एका पावावर शिक्का आहे: केलेर, क्विंतुस ग्रानियुस वेरुसचा गुलाम. दोन हजार वर्षांनी धन्याचं नाव टिकलं ते गुलामाच्या पावामुळे. आईनं आठ भाग बोटानं मोजले आणि विचारलं, "माणसं किती असतील गं घरात?"

गुप्त दालनाचं मी तिला आधी सांगितलं नव्हतं. हिंमत झाली नव्हती. पाँपेईत उत्खनन सुरू झाल्यावर जे काही 'नको ते' सापडलं, ते सगळं या संग्रहालयात वेगळं काढून ठेवत गेले. १८१९ साली नेपल्सचे युवराज बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आले, त्यांना ते दिसलं, आणि हुकूम सुटला की हे सगळं एका खोलीत कुलूपबंद करा. आत कुणाला सोडायचं? तर प्रौढ वयाच्या आणि ज्यांच्या नीतिमत्तेबद्दल खात्री आहे अशा व्यक्तींना. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी आला तेव्हा खोली उघडली, पुन्हा मिटली, अशी उघडझाप चालत राहिली, आणि सगळ्यांसाठी ती कायमची खुली झाली ती थेट २००० साली. दाराशी उभी राहून मी हे आईला भराभर सांगून टाकलं. बहात्तर वर्षांच्या माझ्या आईनं पदर सारखा केला. "प्रौढ आहे. नीतिमत्ताही आहे. चल."

आत पहिल्यांदा लागल्या त्या घंटा. काशाचं लिंग, त्याला पंख, पाय, कधी शेपूटसुद्धा, आणि खाली साखळ्यांना टांगलेल्या छोट्या घंटा. घराच्या, दुकानाच्या दारात लावायच्या. वारा आला की किणकिण. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. आईनं चष्मा पुसला, नीट बघितलं आणि विचारलं, "हे दारात कशाला?" दृष्ट लागू नये म्हणून, मी म्हटलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां! मग लिंबू-मिरचीच की!" एवढ्या मोठ्यानं म्हणाली की दोन जर्मन बायकांनी वळून बघितलं. त्यापुढच्या वस्तूंवर तिनं काही भाष्य केलं नाही, पण पाऊलही झपझप उचललं नाही. देव आणि शेळीचा तो प्रसिद्ध पुतळा बघून मात्र "शी" म्हणाली आणि लगेच, "पण शेळी काय सुंदर केलीय बघ."

आणि मग, या सगळ्या गर्दीत, काचेच्या पेटीत ती.

वीतभर उंचीची, पंचवीस सेंटिमीटरही नाही. हस्तिदंत पिवळट पडलेला, तुपासारखा. दोन पाय एकमेकांवर तिढा देऊन उभी. एक हात दागिना सावरायला वर गेलेला. मनगटापासून वर बांगड्यांची चळत, पायात वाळ्यांची थप्पी घोट्यापासून पार वरपर्यंत, कमरेला मण्यांची मेखला, गळ्यात हार. वस्त्र जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या जरा वर येतील एवढ्या दोन मुली, साजशृंगाराचं सामान घेऊन उभ्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. पेटीच्या मागे गेलं की पाठीवर लांब वेणी. मागची बाजू कुणी बघणार नाही म्हणून कारागिरानं ती सोडलेली नाही.

मला ती माहीत होती, फोटोत. समोर बघताना घशात काहीतरी अडकलं, ते का ते माहीत नाही. हर्क्युलीसच्या पायाशी उभं राहून काही झालं नव्हतं.

आई वाकून बघत होती. "ही आपल्याकडची," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. बांगड्यांकडे बोट करून म्हणाली, "लमाणी बायका घालायच्या बघ कोपरापर्यंत."

१९३८ साली आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला ती पाँपेईच्या एका घरात सापडली. त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' असंच म्हणतात. मायुरीनं तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कमळ नाही, हत्ती नाहीत; अभ्यासक आता यक्षी म्हणतात, किंवा नुसती शृंगार करणारी स्त्री. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "लक्ष्मी कशी असेल? ही कुणाची तरी सून आहे. लग्नाला निघालीय आणि उशीर झालाय." मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती मूर्ती म्हणून घडवलेलीच नव्हती, कशाचा तरी भाग होती. आधी वाटलं आरशाची मूठ, नंतर काहींनी म्हटलं एखाद्या छोट्या मेजाचा पाय. दोन हजार वर्षांपूर्वी हिंदी महासागर ओलांडून, तांबड्या समुद्रातून, मग वाळवंट आणि नाईल करत भूमध्य समुद्रातून एका मेजाचा पाय इथवर आला, ही गोष्ट मला देवी आली यापेक्षा जास्त आवडते.

आणि आईचं 'आपल्याकडची' अगदीच हवेत नव्हतं. जालना जिल्ह्यात केळना नदीच्या काठी भोकरदन आहे, जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाच्या दगडांवर भोगवर्धनच्या लोकांनी दान दिल्याचे लेख आहेत, म्हणजे गावात पैसा होता. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं, त्यात हस्तिदंताची एक मोडकी स्त्री सापडली. दोन बाजूंना तशाच दोन मुली, पायात तसेच वाळे. पाँपेईच्या बाईची बहीणच म्हणावी. तेरलाही तशीच एक मिळालेली आहे. तेर म्हणजे त्या काळचं तगर. 'पेरिप्लस'मध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापारी-खलाशाच्या वहीत, हिशेब दिलाय: गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे खडे यायचे, तगरहून कापड आणि मलमल, आणि सगळा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला. आमचे एक नातेवाईक जालन्याला असतात, ते अजून रस्त्याबद्दल हेच सांगतात.

पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी मात्र खरोष्ठीत अक्षर खोदलेलं आहे, आणि खरोष्ठी ही गांधाराकडची, वायव्येची लिपी. त्यामुळे ती तिकडेच घडली असंही म्हणणारे आहेत. मी हे प्रामाणिकपणे आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "लिपी काय, वाटेत कुणीही गिरवलं असेल," म्हणाली. खटला तिच्या बाजूनं निकाली.

मला खटकलं ते वेगळंच. ती या खोलीत का? तिच्या भोवतीच्या वस्तू दिवे विझवून बोलण्याच्या. ही बाई बिचारी नटत होती. सांचीच्या तोरणावर अशाच यक्षी झाडाची फांदी धरून लोंबतायत, कार्ल्याच्या चैत्याच्या दारात अर्ध्या वस्त्रातली जोडपी उभी आहेत आणि त्यांच्यामधून वाट काढत भिक्षू आत जायचे. त्याच कार्ल्यात खांबांवर यवनांनी, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांनी, दान दिल्याचे लेख आहेत, म्हणजे तिकडची माणसंही ती जोडपी बघतच आत गेली. इथे मात्र उघडं अंग दिसलं आणि हिला नेऊन बसवली कुलुपाच्या खोलीत. अर्थात पाँपेईच्या त्या घरातही तिच्याकडे कसं बघत असतील कोण जाणे. त्या घरातल्या बाईला वाटलं असेल, काय हे पूर्वेकडचं फॅड, पाहुणे आले की नवरा दाखवत बसतो.

त्या फॅडावर एक माणूस मनापासून चिडलेला होता. थोरला प्लिनी, रोमन लेखक. त्यानं लिहून ठेवलंय की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, आणि भारत, चीन, अरबस्तान मिळून दहा कोटी. एवढी किंमत आम्ही आमच्या चैनीची आणि बायकांची मोजतो. मिरीबद्दलही त्याची कुरकुर आहे: ना गोड, ना काही, नुसती तिखट, आणि त्यासाठी थेट भारतापर्यंत जायचं! हा प्लिनी रोमन आरमाराचा अधिकारी होता, मुक्काम याच उपसागरात मिसेनुमला. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर स्ताबियेला मेला. भारतीय मालाच्या नावानं बोटं मोडणारा माणूस त्या राखेत गेला आणि भारतीय माल त्याच राखेनं जपून ठेवला. आईला तो आवडला. "चिडका होता, पण मदतीला गेला."

याच प्लिनीनं पोवळ्याबद्दल लिहिलंय: आपल्या बायकांना भारतातल्या मोत्यांचं जितकं अप्रूप, तितकंच भारतातल्या पुरुषांना आपल्या पोवळ्याचं. पेरिप्लसमध्येही भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची दारू आहे, तांबं, कथील, काच आहे, आणि पोवळं आहे.

हे मी आईला दुसऱ्या दिवशी पाँपेईच्या लोकल गाडीत वाचून दाखवत होते. गाडी व्हेसुव्हियसच्या पायथ्यानं जाते. वाटेत तोरे देल ग्रेको स्टेशन लागलं, शतकानुशतकं पोवळी घडवणारं गाव. आईनं खिडकीतून एकदा गाव बघितलं, एकदा अंगठी. काही बोलली नाही, पण तिच्या मनात सराफ आला हे मला दिसलं. परत आल्यावर नेपल्समध्ये पोवळ्याच्या एका दुकानात ती थेट शिरली आणि हात पुढे केला. दुकानातल्या बाईनं भिंग लावून अंगठी बघितली, उलटीपालटी केली, हसून "बेल्ला" म्हणाली. खरं आहे का विचारू, असं मी म्हटलं. आईनं हात मागे घेतला. "नको. एवढी वर्षं झाली."

त्याच गल्लीत जिकडेतिकडे लाल शिंगं टांगलेली. बोटाएवढी, किंचित वाकडी, टोकदार, तिखट लाल. पोवळ्याची महाग, प्लास्टिकची स्वस्त. नेपल्सचे लोक दृष्ट लागू नये म्हणून गाडीत, दारात, किल्ल्यांना लावतात. नियम एकच: स्वतःसाठी स्वतः विकत घ्यायचं नाही, दुसऱ्यानं द्यावं लागतं, तरच लागू पडतं. आईनं तिथल्या तिथे तोड काढली. मी तिला दिलं, तिनं मला दिलं.

जुलैमध्ये कोल्हापूरला गेले तेव्हा आईच म्हणाली, "टाऊन हॉलला जाऊन येऊ." लहानपणी सीपीआर रुग्णालयात कुणाला बघायला गेलं की परतताना टाऊन हॉलच्या बागेत थांबायचो. मला आठवत होती ती झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळं आणि त्यांचा वास. आतल्या म्युझियममध्ये शाळेची सहल गेली होती, पण त्यातली लक्षात राहिली ती तलवार आणि बाईंचं ओरडणं.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा एक साठा सापडला आणि त्यानंतर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळचं भरलेलं गाव निघालं. त्या साठ्यात आपल्याकडचा, पाठीवर माणसं बसलेला हत्ती होता, आणि त्याच्याबरोबर रोमन सुरई, रोमन आरसा, आणि पोसायडन. समुद्राचा ग्रीक-रोमन देव. तळहातावर मावेल एवढा, दाढीवाला, उघडा, आणि एवढ्याशा उंचीत केवढी ऐट. पावसाळी दुपार होती, आत ट्यूबलाइटचा उजेड, आणि आमच्याशिवाय एक कॉलेजचं जोडपं, जे काही बघायला आलेलं नव्हतं.

आई काचेला नाक लावून उभी. "हा कोण म्हणालीस?"

"समुद्राचा देव. यांच्या हातात त्रिशूळ असतो."

"त्रिशूळ?" तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि दाढी. मग इथल्या माणसानं महादेव म्हणूनच ठेवला असणार देव्हाऱ्यात."

असा पुरावा कुठे नाही, मी म्हटलं. मायुरीनं लक्ष्मी म्हटलं तेव्हा तरी कुठे होता, ती म्हणाली. कमळ नाही, हत्ती नाहीत, माझंच सगळं मला परत ऐकवलं. मग बराच वेळ त्या आरशाकडे बघत राहिली, आता काळपट, काही न दाखवणारा. निघताना तिनं चप्पल घालता घालता सहज केल्यासारखा काचेकडे वळून नमस्कार केला. कोणाला, ते मी विचारलं नाही.

तिचं लाल शिंग आता कोल्हापूरच्या घराच्या दारात आहे, चौकटीच्या खिळ्याला, लिंबू-मिरचीच्या शेजारी. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते. परवा शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काकू, ही एकच मिरची का वाळत नाही हो?"

आईनं वाटी घेतली. आणि गुजरीतल्या त्या सराफाचा हुबेहूब आवाज काढून म्हणाली, "इटालियन आहे. साधी नव्हे."